अ‍ॅडापॅलीन ०.१% जेल: काम करतं, पण तीन महिने दम धरावा लागतो

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांनी एवढं वाचून पुढं गेलं तरी चालेल. अ‍ॅडापॅलीन ०.१% जेल, १५ ग्रॅमची ट्यूब, आमच्या बारक्याला, म्हणजे धाकट्या भावाला, डॉक्टरांनी पिंपल्ससाठी लिहून दिली, रात्री लावायला, आणि सोबत सकाळी बेन्झॉइल पेरॉक्साइड २.५% जेल. बारीक दाणे, काळे ठिपके, पांढरे ठिपके, लाल फोड, सगळ्यावर फरक पडला. पण फरक इतका हळू दिसतो की पहिल्या महिन्यात कुणालाही वाटेल पैसे पाण्यात गेले, आणि नेमकं तेव्हाच पोरं ही ट्यूब कपाटात टाकतात आणि मित्रानं सांगितलेलं दुसरं काहीतरी चोपडायला लागतात. म्हणून हे एवढं लांबलचक लिहायला घेतलंय, कारण ट्यूबच्या खोक्यावर वापरायची पद्धत आहे पण पहिला दीड महिना कसा काढायचा ते कुठंच लिहिलेलं नाही.

बारका बारावीला आहे. सांगलीतल्या विश्रामबागला क्लास, पहाटे तालीम. नववीपासूनच कपाळावर खरखरीत दाणे होते, अकरावीत गालावर आणि हनुवटीवर पू असलेले लाल फोड यायला लागले. घरात प्रत्येकाचं औषध वेगळं. आज्जी म्हणायची अंगात उष्णता आहे, सब्जा घाल पाण्यात. काकू म्हणायची हळद आणि साय लाव. आता सांगलीत हळदीला काय तोटा, आपलं मार्केट यार्ड हळदीसाठी देशभर ओळखतात, २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला जीआय मानांकन पण मिळालं, पण वाटीत कालवलेली हळद आतून बुजलेलं छिद्र उघडत नाही आणि तेलकट तोंडावर वरून साय चोपडून काय भलं होणार. कुणी टूथपेस्ट सांगितली, कुणी लिंबू आणि खायचा सोडा, त्या लिंबानं तर पोराची कातडी भाजल्यासारखी झाली होती. तालमीतले वस्ताद म्हणाले वयात आलंय पोरगं, जाईल आपोआप. ते अगदीच खोटं नाही. १२ ते २४ वयातल्या साधारण ८५ टक्के पोरापोरींना थोडेफार तरी पिंपल्स येतातच आणि बऱ्याच जणांचे विशीनंतर कमी होतात. पण पिंपल्स गेले तरी खड्डे राहतात ना, ते कुठं आपोआप जातात. त्यामुळं "जाईल आपोआप" हे ज्याला चार दाणे आहेत त्याला ठीक आहे, ज्याला खोल दुखरे फोड येतायत त्याला हे सांगून घरी बसवणं बरोबर नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

या जेलच्या आधी काय झालं ते सांगायलाच पाहिजे, कारण तसं बऱ्याच घरांत होतंय. क्लासच्या वाटेवरच्या एका मेडिकलमध्ये बारक्यानं नुसतं "पिंपलसाठी काहीतरी द्या" म्हणून मागितलं आणि काउंटरवरनं एक ट्यूब हातात मिळाली, चिठ्ठी नाही, काही विचारणं नाही. स्वस्त होती. आणि चार दिवसांत तोंड एकदम साफ. लाली गेली, फोड बसले, रंग उजळला, आई खूश, तो पण खूश, क्लासमधल्या दोघा-तिघांनी नाव विचारून घेतलं. मग ट्यूब संपली, आणि दोन-तीन दिवसांत गाल टोमॅटोसारखे लाल, उन्हात गेलं की आग आग, आणि एकाच मापाचे बारीक फोड कपाळभर. परत ट्यूब लावली की शांत. सोडली की परत तेच. तेव्हा मी ट्यूब उलटी करून मागचं बारीक अक्षर वाचलं, मोबाईलनं फोटो काढून मोठा करून वाचायला लागलं, तर त्यात क्लोबेटासोल होतं, सोबत एक अँटिबायोटिक आणि एक फंगसचं औषध. क्लोबेटासोल म्हणजे स्टिरॉइड, आणि साधंसुधं नाही, लावायच्या स्टिरॉइडमधलं सगळ्यात जोरदार. ते सोरायसिस वगैरेला हातापायाच्या जाड कातडीवर थोडे दिवस लावायचं औषध आहे, सतरा वर्षांच्या पोराच्या गालावर लावायचं नव्हे. स्टिरॉइडनं सूज आणि लाली दबते म्हणून पहिल्या आठवड्यात जादू वाटते, पण कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसायला लागतात, काहींना गालावर लव वाढते, आणि स्टिरॉइडमुळं वेगळेच पिंपल्स येतात. सोडलं की तोंड उसळतं, म्हणून माणूस परत लावतो, आणि त्यातच अडकून बसतो.

हे फक्त आपल्या गल्लीतलं नाही. २०११ मध्ये देशातल्या १२ ठिकाणच्या त्वचारोगतज्ज्ञांची एक पाहणी छापून आली होती, चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ पेशंटमध्ये ४३३ जण तोंडाला स्टिरॉइड लावत होते. म्हणजे जवळपास १५ टक्के. या प्रकाराला डॉक्टर लोकांनी नावच पाडलंय, स्टिरॉइडनं बिघडलेला चेहरा. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अशी १४ स्टिरॉइड क्रीम शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. तरी विकली जातात, आमच्यासमोर विकली गेली. त्यामुळं घरातल्या प्रत्येक ट्यूबच्या मागं ही नावं शोधा: क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन. यातलं एखादं नाव असेल आणि ती ट्यूब पिंपल्ससाठी किंवा गोरं होण्यासाठी कुणी दिली असेल तर ती लावत राहू नका, आणि बरेच महिने लावली असेल तर स्किनच्या डॉक्टरांना दाखवूनच सोडा, कारण सोडल्यावर जे उसळतं ते सांभाळायला मदत लागते.

मग डॉक्टर. मिरज म्हणजे पिढ्यान् पिढ्या डॉक्टरांचं गाव, वॉनलेस हॉस्पिटल १८९४ पासूनचं, सरकारी मेडिकल कॉलेज १९६२ पासूनचं, तरी पिंपल्ससाठी डॉक्टरकडं जायचं म्हणलं की घरात सगळ्यांचा चेहरा असा होतो की एवढ्याशा गोष्टीला कशाला. गेलो एकदाचे. मॅडमनी आधी ती जुनी ट्यूब बघायला मागितली (आम्ही नेली होती, तुम्ही पण घरातलं सगळं पिशवीत घालून न्या), भिंग लावून गाल बघितले, पाठ आणि खांदे पण बघितले, आणि लगेच काही नवीन सुरू केलं नाही. आधी काही आठवडे नुसता सौम्य फेसवॉश, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन आणि पोटातून थोड्या गोळ्या. तोंड शांत झाल्यावर मगच अ‍ॅडापॅलीन. मला हे पटलं. चिडलेल्या कातडीवर हे जेल लावलं असतं तर पोरानं दुसऱ्याच दिवशी फेकून दिलं असतं.

त्यांनी कागदावर चित्र काढून बारक्याला समजावलं ते इथं लिहिते, कारण ते कळलं की या ट्यूबला वेळ का लागतो ते आपोआप कळतं. कातडीवरच्या प्रत्येक बारीक केसाच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते. वयात आलं की हार्मोन्समुळं, मुख्यतः अँड्रोजेन या पुरुषी हार्मोनमुळं, ती ग्रंथी जास्त तेल सोडते. त्याच वेळी छिद्राच्या आतल्या मेलेल्या पेशी सुटून बाहेर पडायच्या ऐवजी एकमेकींना चिकटतात आणि तोंडाशी बूच बसतो. आत तेल साठतं, तिथं क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस नावाचे जंतू, जे सगळ्यांच्याच कातडीवर असतात, ते वाढतात, आणि शरीर त्यांच्यावर धावून जातं, मग लाली, सूज, पू. बूच बसलेलं छिद्र वरून उघडं राहिलं तर काळा ठिपका, बंद राहिलं तर पांढरा. काळा ठिपका काळा दिसतो तो मळामुळं नाही, हवा लागून आणि कातडीतल्या रंगद्रव्यामुळं, त्यामुळं दिवसातनं सहा वेळा साबणानं घासून तो निघणार नाही, उलट कातडी चिडून जास्त फोड येतील. बारका दिवसभर तोंड धूत असायचा आणि आई त्याला "तोंड धुवत नाहीस म्हणून येतंय" म्हणायची, दोघांचंही त्या कागदावर समाधान झालं. दिवसातनं दोनदा धुणं पुरे, आणि तालमीतनं घामेजून आल्यावर एकदा.

तर हा बूच सुरुवातीला डोळ्याला दिसतच नाही. आज जो फोड वर आलाय त्याची सुरुवात काही आठवडे आधी आत झालेली असते. अ‍ॅडापॅलीन व्हिटॅमिन ए च्या घराण्यातलं औषध आहे, रेटिनॉइड म्हणतात, आणि ते पेशी चिकटणं थांबवतं, म्हणजे नवीन बूच बसू देत नाही आणि सूज पण कमी करतं. जे आधीच आत तयार होऊन बसलेत ते तर वर येणारच ना. म्हणून पहिले दोन ते सहा आठवडे काही जणांना पिंपल्स वाढल्यासारखे वाटतात. बारक्याचे वाढले. तो म्हणाला ताई हे पण स्टिरॉइडच आहे काय गं, फसवलं आपल्याला. त्याला परत तो कागद दाखवला. खरा फरक ८ ते १२ आठवड्यांनी दिसतो, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून दिलं होतं आणि ते लिहून दिलं म्हणूनच तो टिकला असं मला वाटतं.

आता लावायची पद्धत, कारण निम्मी तक्रार चुकीच्या लावण्यामुळं असते. हे जेल फोडावर ठिपका देऊन लावायचं नाही. सगळ्या तोंडाला पातळ लावायचं, कारण पुढचा फोड कुठं येणार ते आपल्याला दिसत नाही. रात्री तोंड धुतलं, पुसलं, आणि पंधरा-वीस मिनिटं पूर्ण कोरडं होऊ दिलं. मग वाटाण्याएवढं जेल बोटावर, त्याचे पाच ठिपके, कपाळ, दोन गाल, नाक, हनुवटी, आणि हलक्या हातानं पसरवायचं. एवढंच. बारक्याला पहिल्या रात्री वाटलं एवढ्याशानं काय होणार म्हणून त्यानं दुप्पट घेतलं, सकाळी तोंडाच्या कोपऱ्यात आणि नाकाच्या पाळ्यांशी कातडी कोंड्यासारखी सुटायला लागली, हसलं की चरचर. जास्त लावल्यानं लवकर बरं होत नाही, फक्त जळतं. नंतर आम्ही डॉक्टरांना फोन करून विचारलं, त्यांनी एक दिवसाआड करायला सांगितलं आणि ओठांचे कोपरे, नाकाच्या कडा, डोळ्यांच्या भोवती आधी व्हॅसलीन लावायला सांगितलं. आणि ज्यांची कातडी नाजूक आहे त्यांनी आधी मॉइश्चरायझर, त्यावर जेल, वर परत मॉइश्चरायझर असं केलं तरी चालतं. तीन-चार आठवड्यांत कातडी सरावली आणि मग रोज रात्री चालू झालं.

मुलींसाठी एक गोष्ट जी पार्लरमध्ये कुणी विचारत नाही. हे जेल चालू असताना तोंडाला वॅक्स करू नका, अप्पर लिपला तर अजिबातच नको, वरची कातडी वॅक्सच्या पट्टीबरोबर सोलून येते. माझ्या मावसबहिणीचं तसं झालं, लग्नसराईच्या तोंडावर ओठाच्या वर तपकिरी पट्टा. ब्लीच आणि खरखरीत स्क्रबही बंद. आणि पार्लरात सुईनं किंवा नखानं ब्लॅकहेड काढणं, फोड फोडणं, हे तर बंदच करा, आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर फोड दाबला की काळा डाग महिनोन् महिने राहतो.

हे डाग आणि खड्डे यातला फरक पण लोकांना कळत नाही म्हणून सांगते. फोड बसल्यावर जो सपाट काळपट किंवा लालसर ठसा राहतो तो डाग, तो हळूहळू जातो, अ‍ॅडापॅलीननं पण थोडी मदत होते, आणि उन्हापासून जपलं तर लवकर जातो. बोटाला खोल लागतो तो खड्डा, तो कुठल्याच क्रीमनं भरत नाही, त्याला डॉक्टरकडं जाऊन मायक्रोनीडलिंग, लेसर, सबसिजन असलं काहीतरी करावं लागतं आणि ते पिंपल्स थांबल्यावर करतात. "खड्डे भरून निघतील" असं लिहिलेली क्रीम विकत घेऊ नका, पैसे जपून ठेवा.

सनस्क्रीन हा वेगळा खर्च आहे, तो धरून चाला. या जेलनं कातडी उन्हाला हळवी होते आणि सांगलीचं एप्रिल-मे मधलं ऊन काय असतं ते सांगायला नको. एसपीएफ ३० किंवा वरचं, जेल बेसचं, खोक्यावर नॉन-कॉमेडोजेनिक लिहिलेलं, म्हणजे छिद्रं न बुजवणारं. मॉइश्चरायझर घेताना पण तोच शब्द बघा. स्कूटीवरच्या मुलींनी स्कार्फ बांधणं चांगलंच, पण तोच स्कार्फ आठवडाभर न धुता बांधला तर घाम आणि तेल हनुवटीला घासत राहतं. केसांचं तेल पण बघा, रात्री डोकं चपचपीत करून झोपलं की तेल कपाळावर उतरतं, बारक्याच्या कपाळावरच्या दाण्यांचं एक कारण तेच निघालं. आज्जीला हे सांगणं अवघड गेलं, शेवटी ठरलं की तेल लावायचं पण अंघोळीच्या आधी तासभर, रात्रभर नाही.

बेन्झॉइल पेरॉक्साइडबद्दल वेगळं लिहायला पाहिजे कारण आमच्याकडं त्याची जोडी होती. ते जंतू मारतं, आणि त्याची मोठी जमेची बाजू ही की जंतू त्याला निर्ढावत नाहीत. नुसतं क्लिंडामायसिन हे अँटिबायोटिक जेल महिनोन् महिने लावलं तर जंतू निर्ढावतात, मग ते चालेनासं होतं, म्हणून ते एकटं लावायचं नसतं, बेन्झॉइलच्या जोडीनं लावायचं असतं. तरी बऱ्याच जणांच्या चिठ्ठीवर आणि चिठ्ठीशिवाय पण एकटं क्लिंडामायसिन चाललेलं असतं, डॉक्टरांना एकदा नक्की विचारा. २.५% पुरतं, ५ किंवा १०% नं फायदा फारसा वाढत नाही, आग मात्र वाढते. तक्रार एकच, कपड्याचा रंग उडवतं. आईचा मरून टॉवेल, दिवाळीत घेतलेला, त्याच्यावर बारक्याच्या गालाच्या आकाराचे नारिंगी ठसे पडलेत, आणि ते निघत नाहीत, रंगच गेलाय तिथला. पांढरा टॉवेल, पांढरा उशीचा अभ्रा, आणि शाळेचा रंगीत युनिफॉर्म घालायच्या आधी जेल पूर्ण वाळू द्या. शिवाय ही ट्यूब गरम जागी ठेवू नका, २०२४ मध्ये अमेरिकेतल्या एका लॅबनं दाखवलं की उष्णतेत बेन्झॉइल पेरॉक्साइडमधनं बेंझीन तयार होऊ शकतं. नंतर तिथल्या एफडीएनं, म्हणजे औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्यानं, बाजारातली क्रीम तपासली तेव्हा बहुतेकांत ते नव्हतं किंवा अगदी नगण्य होतं, तरी गाडीच्या डिकीत किंवा खिडकीतल्या उन्हात ट्यूब टाकून ठेवायचं कारण नाही.

खाण्याबद्दल घरोघरी भांडणं होतात. आमच्याकडं भडंग बंद, मिसळ बंद, शेंगदाणे बंद असं सगळं करून झालं होतं आणि फरक शून्य. तेलकट खाल्लं म्हणून तेल तोंडावर येतं असं नसतं. ज्याला थोडाफार आधार आहे ते म्हणजे साखर, मैदा, कोल्ड्रिंक असलं रक्तातली साखर भसकन वाढवणारं खाणं, आणि व्हे प्रोटीन पावडर. दुधाचा पण काही जणांत संबंध दिसलाय. तालमीतल्या पोराला दूध बंद कर म्हणणं म्हणजे अन्यायच, मॅडमनी दूध बंद करायला सांगितलं नाही, पण पावडरचा डबा चालू आहे का ते विचारलं. आणि अजून एक प्रश्न त्यांनी आम्हाला बाहेर बसवून बारक्याला एकट्याला विचारला, अंग लवकर भरायची इंजेक्शनं घेतोस का. तो घेत नव्हता. पण नंतर त्यांनी आम्हाला सांगितलं की छाती, पाठ, खांद्यावर अचानक मोठे फोड येणाऱ्या जिमच्या पोरांत ते कारण निघतं, कारण ती इंजेक्शनं म्हणजे अँड्रोजेनच असतात. आईबापांनी आणि वस्तादांनी हे ध्यानात ठेवा, रागवायला नको, नीट विचारा.

मुलींत पाळी लांबत असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, वजन वाढत असेल आणि जबड्याच्या कडेला फोड असतील तर पीसीओएससाठी, म्हणजे अंडाशयाशी निगडित हार्मोनच्या बिघाडासाठी, तपासणी लागते, नुसत्या ट्यूबनं ते थांबत नाही. मावसबहिणीचं तासगावला तेच निघालं. आणि ज्या बायका गरोदर आहेत किंवा राहायच्या विचारात आहेत त्यांनी अ‍ॅडापॅलीन लावायचं नाही, डॉक्टरांना तसं आधीच सांगा, लाजू नका.

सगळ्यांना हे जेल पुरत नाही, ते पण खरं. डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकच्या गोळ्या लागतात काहींना, साधारण तीन-चार महिन्यांच्या वर नाही, भरपूर पाण्याबरोबर घ्यायच्या आणि घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, घशात चिकटली तर अन्ननलिकेला जखम करते. खोल गाठी येत असतील, खड्डे पडायला लागले असतील, तर आयसोट्रेटिनॉइनची गोळी आहे, १९८२ पासून वापरात आहे आणि भारी औषध आहे, बऱ्याच जणांचे पिंपल्स त्यानं कायमचे थांबतात. पण ओठ फुटतात, रक्त तपासावं लागतं, मूड बिघडतोय का लक्ष ठेवावं लागतं, आणि गर्भ राहिला तर बाळात मोठी व्यंगं येतात, म्हणून मुलींना गोळी चालू असताना आणि बंद केल्यावर निदान महिनाभर गरोदर राहून चालतच नाही. मैत्रिणीच्या उरलेल्या स्ट्रिपमधली गोळी खाणं हा प्रकार हॉस्टेलवर चालतो असं ऐकलंय. कृपा करून करू नका.

एक गोष्ट औषधाची नाही तरी लिहिते. बारक्यानं त्या काळात फोटोत यायचं बंद केलं होतं, चुलत भावाच्या साखरपुड्यात एका पाहुण्यांनी सगळ्यांसमोर "काय रे, तोंडावर काय पेरलंयस" म्हणलं, तो जेवायच्या पंगतीतनं उठून गच्चीवर जाऊन बसला. सतरा वर्षांच्या पोराला हे लागतं. पोरगं कॉलेज टाळायला लागलं, खोलीतनं बाहेर येईना, तर पिंपल्सवर उपचार करायला तेवढं कारण पुरेसं समजा आणि लवकर दाखवा, वाट बघू नका.

जेलबद्दलच्या माझ्या तक्रारी: ट्यूब १५ ग्रॅमची, सगळ्या तोंडाला रोज लावली तर साधारण दीड-दोन महिने जाते, आम्हाला तीनशेच्या आसपास पडली, ब्रँडप्रमाणे कमी-जास्त होते. आतला कागद बारीक इंग्रजीत, मराठीचा एक शब्द नाही, जे पोरं खरी वापरतात त्यांच्यासाठी एक चित्र तरी हवं होतं. आणि मेडिकलवाले कधीकधी "तेच आहे" म्हणून अ‍ॅडापॅलीन आणि क्लिंडामायसिन एकत्र असलेली ट्यूब देतात. ते तेच नाही. चिठ्ठीवर जे लिहिलंय ते आणि खोक्यावरचं नाव आणि टक्के, ०.१ आहे की ०.३, जुळवून मगच पैसे द्या. अमेरिकेत ०.१% जेल २०१६ पासून चिठ्ठीशिवाय मिळतं, १२ वर्षांच्या वरच्या सगळ्यांना, म्हणजे औषध तसं सुरक्षित आहे, तरी आपल्याकडं दाखवूनच घ्या, कारण पिंपल्स समजून ज्याला जेल लावतोय ते फंगसचं किंवा स्टिरॉइडचं निघालं तर हे जेल काही कामाचं नाही. एकाच मापाचे, खूप खाजणारे, छातीवर-कपाळावर दाटीनं आलेले बारीक फोड असतील तर ते बऱ्याचदा फंगसचे असतात.

खासगीत फी परवडत नसेल तर मिरजेच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात त्वचारोग विभाग आहे. सकाळी लवकर जा.

आता आमच्या बारक्याचं. गाल जवळपास साफ आहेत, हनुवटीवर महिन्यातनं एखाद-दुसरा येतो, कपाळ हाताला गुळगुळीत लागतं, काळे डाग अजून आहेत पण फिके झालेत, डाव्या गालावर दोन खड्डे आहेत ते राहणार आहेत. बेन्झॉइल आता बंद केलंय. अ‍ॅडापॅलीन चालूच ठेवायला सांगितलंय, पिंपल्स गेल्यावर पण, परत येऊ नयेत म्हणून, आठवड्यातनं काही रात्री. पाचपैकी साडेचार देते, अर्धा त्या आतल्या कागदासाठी कापला.